नाडी बांधायची जागा

पक्षी बघणाऱ्या माणसाशी लग्न केलं की एक फायदा होतो. नवरा सतत वर बघत असतो आणि आपण खाली काय करतोय याचा त्याला पत्ता नसतो. निदान सहा वर्षं मी तरी अशाच समजुतीत होते. मी कवळ्या बनवते. दिवसभर लोकांच्या दातांचे साचे हातात असतात, त्यामुळे माणसांच्या तोंडातलं मला चटकन कळतं. पोटातलं कळायला जरा उशीर लागला.

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. आठवडाभर अंधाऱ्या खड्ड्यात उभं राहून वर लोंबणाऱ्या तारांकडे बघायचं आणि रविवारी उजाडल्यावर झाडांकडे. मान तीच, नजर तीच, फक्त गळ्यात पान्याऐवजी दुर्बीण. बारा वर्षं झाली हे पक्षीमंडळात जाऊन. ह्यांच्या शब्दाला तिथे मान आहे. एकदा डॉक्टरांनी, म्हणजे ज्यांच्यासाठी मी कवळ्या बनवते त्या दातांच्या डॉक्टरांनी, तारेवर अडकलेल्या पिशवीला बगळा म्हटलं, तेव्हा सगळे "वा, वा" म्हणत होते. हे एकटेच म्हणाले, "पिशवी आहे. दुधाची." तेव्हापासून डॉक्टर ह्यांना जरा जपूनच असतात.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे कोनसाहेब. जमीनमोजणीत पस्तीस वर्षं घालवून निवृत्त झालेले. ते कधी "त्या झाडावर बघा" म्हणत नाहीत. "वाळक्या खोडापासून बारा अंश डावीकडे," म्हणतात, आणि तुम्ही अंदाजाने बघितलंत तर रागावतात. त्यांचा नियम असा, की एकाने पाहिलेला पक्षी हा पक्षीच नाही. दोघांनी पाहायला हवा. मग त्या दोघांना त्यांच्या घरी दोन वेगळ्या खोल्यांत बसवायचं, हातात चौकटीचा कागद द्यायचा, आणि पक्षी कुठे होता त्याचा नकाशा काढायला लावायचा. दोन्ही जागा पन्नास पावलांच्या आत जुळल्या तर नोंद पक्की. फोटो चालत नाही. फोटो काय, कुणीही कुठलाही आणतो, असं साहेबांचं म्हणणं. नोंद पक्की झाली की नकाशा त्यांच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर लागतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे झाडून सगळे तिथे हजर. पक्ष्यांच्या लोकांचं हे असंच. काही दिसलं की गावभर सांगितल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही.

माझ्या नादाचं नेमकं उलटं आहे. मला रानटी ऑर्किड शोधायचा नाद. दुकानातली ती प्लास्टिकसारखी टपोरी फुलं नव्हेत. जमिनीतून वीतभर दांडा वर येतो, त्यावर नखाएवढी फुलं, वर्षातून जेमतेम दोन आठवडे. ज्याला बघता येत नाही त्याला ते गवतच वाटतं. आणि आमच्यात जागा कुणाला सांगायची नाही, सख्ख्या आईलाही नाही. मी एकदाच हा नियम मोडला. कालव्याकाठची जागा थोरल्या बहिणीला सांगितली, तिने कौतुकाने कुणाला तरी सांगितली, आणि आठ दिवसांनी मी गेले तर तिथे एकोणीस खड्डे होते. खुरप्याचे, नीटनेटके. घरी येऊन मी डोळे आल्याचं सांगितलं आणि तीन दिवस काळा चष्मा लावून बसले.

तेव्हापासून माझ्याकडे एकच जागा उरली. जुन्या दगडखाणीच्या मागे पाण्याची बंद पडलेली टाकी आहे, तिच्या खालचा उतार. एक्केचाळीस झाडं. हिरवट पांढरी फुलं. रंग म्हणाल तर कवळीच्या दातांचा रंग जुळवायच्या आमच्या पट्टीवरचा तिसरा नंबर, मी पट्टी नेऊन लावून पाहिला आहे. तिथे जायला मला निमित्त लागायचं, म्हणून मी ह्यांच्याबरोबर पक्षी बघायला जायला लागले. "मलाही आवड लागली हो," असं म्हटल्यावर हे इतके खूश झाले की मला थोडं वाईटच वाटलं. उतारावर पोचलो की हे दुर्बीण वर लावायचे आणि माझ्या बुटाची नाडी सुटायची. मी खाली बसून नाडी बांधत बांधत एक्केचाळीस मोजायचे. कधीकधी दोन्ही बुटांच्या सुटायच्या. मंडळातले लोकही कधी आमच्यामागून आले तर वर बघत सरळ निघून जायचे. माझी फुलं सगळ्यांच्या पायांशी होती आणि कुणाच्या डोळ्यांत नव्हती.

त्या रविवारी फुलं ऐन भरात होती. मी सत्ताविसाव्यापर्यंत आले होते, तेवढ्यात झुडपाखालून पाचोळा उडाला. बघते तर एक पक्षी, मैनेपेक्षा मोठा, अंगभर सोनेरी-काळे खवले, चालतोय. हो, चालतोय. दोन पावलं टाकायची, थांबायचं, अंग खालीवर हलवायचं, चोचीने पान उलटवायचं. खवल्यांचा कस्तूर. मला पक्ष्यांतलं फार कळत नाही, पण हा कळला. ह्यांच्या वहीत बारा वर्षं एक ओळ ह्याच्यासाठी कोरी सोडलेली आहे, आणि ह्याचं चित्र आमच्या फ्रिजवर आहे.

खरं सांगते, क्षणभर माझ्या मनात आलं की गप्प बसावं. हे वर बघत होते. त्यांना शेंड्यावरचा सुतार पक्षी दिसत होता आणि त्यांचं छान चाललं होतं. हा झाडावर बसणारा पक्षी असता तर मला काय, बघोत बापडे वीस जण. पण हा जमिनीवर चालणारा. याला बघायला येणारी प्रत्येक दुर्बीण जमिनीकडे लागणार, माझ्या उतारावर, आणि लागण्याआधी चाळीस बूट त्यावरून जाणार. मग ह्यांच्या मानेकडे लक्ष गेलं. शनिवारी रात्री मीच तिला मलम चोळलं होतं. मी त्यांची पँट ओढली.

हे गुडघ्यांवर बसले. दुर्बीण लावायचीही गरज नव्हती, पक्षी दहा पावलांवर होता. ह्यांनी काही केलं नाही, नुसते बघत राहिले, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी पुसलं नाही. आमच्या लग्नात हे रडले नव्हते, मी लक्ष ठेवून होते. पक्षी पाचोळा उडवत झुडपात गेला तेव्हा हे एवढंच म्हणाले, "अगं, दिसला." मी म्हटलं, "दिसला."

बस थांब्यावर डॉक्टर भेटले. "काय, आज काही विशेष?" त्यांनी सहज विचारलं, आणि ह्यांच्या तोंडातून निसटलं, "खवल्यांचा कस्तूर." डॉक्टरांनी तिथूनच कोनसाहेबांना फोन लावला. पाच वाजता दोघांनी साहेबांकडे यायचं ठरलं. जागा कुठली, असं डॉक्टर विचारायला लागले तेव्हा हे म्हणाले, "ते कागदावरच सांगू." मला वाटलं, नियमाचे किती पक्के.

दुपारभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सांगावं तर ऑर्किडचं सगळं सांगावं लागणार, आणि ह्यांच्या पोटात काही राहत नाही हे आत्ताच थांब्यावर पाहिलं होतं. न सांगावं तर उद्या उताराची माती होणार. पक्षी पाहिलाच नाही म्हणावं, तर बारा वर्षांनी आलेला पक्षी माझ्या एका शब्दाने जाणार. हे जेवताना एकदा म्हणाले, "अगं, समजा..." आणि लोणचं मागितलं. मीही एकदा "अहो, मी काय म्हणते," म्हटलं आणि वरण वाढलं. वरणात मीठ नव्हतं. दोघांनीही चकार शब्द न काढता ते संपवलं.

पाचपर्यंत मी ठरवून टाकलं होतं. पक्षी पाहिला म्हणायचं, जागा खोटी सांगायची. ह्यांची जागा खरी, माझी खोटी, म्हणजे नोंद जुळणार नाही. पण मग सगळे म्हणतील, बाईला दिशा कळत नाहीत. म्हणू देत. पुढच्या खेपेला ह्यांना दुसरीकडे कुठेतरी कस्तूर दाखवू, अशी मी स्वतःची समजूत घातली. जसा काही तो भाजी मंडईत मिळतो.

साहेबांच्या व्हरांड्यात बाराजण जमले होते. मला स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी बसवलं, ह्यांना आतल्या खोलीत. मी झोकात नकाशा काढला. गावाच्या दक्षिणेला जुनी वीटभट्टी, तिच्यामागे बाभळी, बाभळीखाली फुली. वर उत्तर दिशेचा बाणसुद्धा काढला. साहेबांना बाण आवडतो.

साहेबांनी दोन्ही कागद व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवले. पट्टी लावली. चष्मा काढला, पुसला, परत पट्टी लावली.

"साडेचार किलोमीटर," ते म्हणाले.

मी मनात हिशोब केला. खाण वीटभट्टीपासून एवढी लांब नाही. मी वाकून ह्यांचा कागद पाहिला. त्यावर सांडपाण्याचं तळं होतं, गावाच्या पार उत्तरेला. काठावर फुली, आणि फुलीशेजारी ह्यांच्या अक्षरात "सकाळी आठ".

ह्यांनी खोटं लिहिलं होतं. जो माणूस भाड्याच्या सायकलला खरचटलं तरी स्वतःहून सांगतो, त्याने. मला काही उमगेना.

"वहिनी एकवेळ जागा चुकू शकतात," साहेब हळू आवाजात म्हणाले, "पण तळ्याकाठी सव्वासात ते साडेनऊ मी होतो. आज तळ्यावर कोण कोण जाणार ते फळ्यावरच लिहिलं आहे. माझ्याबरोबर आणखी तिघे होते. तुम्ही तिथे नव्हता."

हे फळ्याकडे बघत राहिले. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायला निघालेल्या माणसाने नेमकी तीच जागा निवडली होती, जिथे अध्यक्ष स्वतः ठाण मांडून बसले होते. फळा ह्यांच्या डोक्यावरच टांगलेला होता. हसू यावं असंच सगळं होतं, पण कुणी हसलं नाही.

"म्हणजे पक्षी पाहिलाच नाही, असं म्हणायचं का आम्ही?" डॉक्टरांनी विचारलं. दुधाची पिशवी ते विसरले नव्हते.

मी तोंड उघडलं. खरंच सांगते, त्या क्षणी मला फुलांची काडीची पर्वा नव्हती. खाण, टाकी, उतार, सगळं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात टेबलाखाली ह्यांचा बूट माझ्या पावलावर आला आणि तिथेच दाबून राहिला. लिफ्टवाल्यांचे बूट पुढून लोखंडी असतात. मी तोंड मिटलं.

"चूक झाली असेल," हे म्हणाले. "नजर कमी झाली आहे हल्ली."

साहेबांनी ह्यांच्या त्या वर्षाच्या सगळ्या नोंदींवर लाल शाईने तिरकी रेघ ओढली. एकदाही ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. हे उठून प्रत्येकाला नमस्कार करून निघाले. डॉक्टरांनी तेवढ्यात माझ्याकडे बघून मान हलवली, बिचारी या अर्थाने. सोमवारी त्यांना एक कवळी अशी बनवून द्यायची, की ती त्यांना तीनदा घासावी लागेल, हे मी तिथेच ठरवलं.

रस्त्यात मी लंगडत होते. कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानापाशी थांबले.

"तळं कशाला लिहिलंत?" मी विचारलं.

"तू वीटभट्टी कशाला लिहिलीस?"

"मला दिशा कळत नाहीत."

"बाण तर बरोबर काढला होतास."

मग हे दुकानाच्या काचेकडे बघत म्हणाले, "अगं, तुझ्या बुटांना दोन वर्षं झाली, नाडीच नाही. वेल्क्रोचा पट्टा आहे."

मी खाली बघितलं. पट्टा होता. मीच घेतले होते, सेलमध्ये, कंबर वाकवायला नको म्हणून. आणि त्यानंतर शंभरदा तरी "थांबा हं, नाडी सुटली," म्हणून वाकले होते. लाजेने माझे कान तापले.

"कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्याच वर्षापासून. एवढा वेळ वर बघून मान दुखते गं माणसाची. मध्येमध्ये खाली बघावं लागतं." मग म्हणाले, "ती कालव्याकाठची गेली तेव्हा तुझे डोळे आले होते ना, त्यानंतर तुझ्या ताईला जागा विचारून मी तिथे जाऊन आलो. खड्डे बुजवले. तू परत गेलीस तर दिसायला नकोत म्हणून."

भर रस्त्यात, चपलांच्या दुकानासमोर, मी ह्यांचा हात धरला. आमच्यात अशी पद्धत नाही. हे गोंधळून म्हणाले, "पाय फार दुखतोय का?" मी हो म्हटलं. खोटंही नव्हतं.

आठवडा मजेत गेला, म्हणजे दुसऱ्यांच्या जिवावर. असला पक्षी नव्हताच म्हणणारे डॉक्टर बुधवारी दवाखान्यात आले ते बुटांना विटेचा लाल चिखल लावून. मी विचारलं, "डॉक्टर, घराचं बांधकाम काढलंत का?" तर म्हणाले, "छे, सहज फिरायला." कोनसाहेब तर दोन दिवस तळ्याकाठी नाकाला रुमाल बांधून बसले होते, असं दूधवाल्याने सांगितलं. मी घरी येऊन ह्यांना सांगायचे. हे हसायचे, आणि मग हसता हसता थांबायचे. वही कपाटातच होती. फ्रिजवरचं चित्र ह्यांनी काढलं नाही, पण दार उघडताना त्याच्याकडे बघायचेही नाहीत. बारा वर्षांचा शब्द गेला होता आणि तो माझ्या गवतासाठी गेला होता, हे मला रोज भांडी घासताना आठवायचं.

पुढच्या रविवारी मंडळात कुणी ह्यांना बोलावलं नाही. आम्ही दोघंच खाणीवर गेलो. पहिल्यांदाच मी नाडीचं नाव न काढता सरळ बसले, आणि हे शेजारी बसले. मी त्यांना फूल कसं बघायचं ते दाखवलं, खालचा ओठ, त्यावरची शेपटीसारखी नळी. हे म्हणाले, "सुंदर आहे गं, पण उडत नाही."

आणि तो आला. त्याच झुडपाखालून, तसाच दोन पावलं चालत. हे श्वास रोखून बसले. कस्तूर उतारावर आला, थेट माझ्या फुलांत शिरला, चोच खाली घातली आणि पाचोळ्याबरोबर एक ऑर्किड मुळासकट उपटून बाजूला भिरकावलं. खाली अळी होती. ती खाल्ली.

ह्यांचे हात टाळी वाजवायला वर गेले. बारा वर्षं ज्याची वाट पाहिली त्याला हुसकावायला, माझ्या एका फुलासाठी. मी झटकन दोन्ही हात धरले. "राहू दे," मी कुजबुजले. "खाऊ दे त्याला." मला माझं फार कौतुक वाटलं. एवढं मोठं मन आपल्याकडे आहे, हे मला माहीतच नव्हतं.

दुसरं उपटलं. मी हात घट्ट धरून ठेवले. तिसरं उपटलं. ते ऐन फुललेलं होतं, अकरा फुलांचं, मी मघाशीच मोजलेलं. चौथ्याकडे तो वळला तेव्हा मी ह्यांचे हात सोडले आणि वाट पाहिली.

हात गेले ते सरळ दुर्बिणीकडे. टाळी नाही, काही नाही. तोंड अर्धवट उघडं, डोळे काचेला, हे ह्या जगातच नव्हते. मी कोपराने ढोसलं. "हं," म्हणाले, आणि काच फिरवून आणखी नीट केली.

चौथं उडालं.

मग मीच टाळी वाजवली, चांगली सणसणीत. कस्तूर फडफडत खाणीपलीकडे गेला. ह्यांनी दुर्बीण खाली घेतली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता आठवडाभर अबोला. मीही तयारीतच होते. चार गेली होती माझी.

हे उठले, उतारावर गेले आणि उपटलेली चारही झाडं ओंजळीत घेऊन आले. ग्रीसने कायमच्या काळ्या झालेल्या त्या बोटांत ती फारच लहान दिसत होती.

"सांग," हे म्हणाले, "किती खोल लावायचं?"